एकदा ‘हो’ कळवलं की

लॉ कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून, म्हणजे फर्मना बोलावून मुलाखती घडवणाऱ्या विभागातून, नोकरी शोधताना मुलं बऱ्याच चुका करतात. कोणी मुलाखतीत अडखळतं, कोणी एका लॉ फर्मला पाठवलेल्या ईमेलमध्ये दुसऱ्याच फर्मचं नाव तसंच ठेवतं. अशा चुका ज्याच्या त्याला भोवतात आणि सहा महिन्यांत विसरल्याही जातात. एक चूक मात्र अशी आहे की ती करणारा सुटतो आणि तिचा भुर्दंड ज्युनिअर्सना पडतो. ऑफर स्वीकारल्याचं कळवायचं आणि नंतर मागे फिरायचं, ही ती चूक.

फर्मच्या बाजूने काय घडतं ते पाहा. समजा, मुंबईतल्या एका फर्मने एका कॉलेजमधून ३ जागा भरायचं ठरवलं. मुलाखती झाल्या, तिघांना ऑफर गेली, दोघं प्रतीक्षा यादीत राहिले. तिघांचा होकार आला की त्या दोघांना ‘यंदा जागा नाही’ असं कळवलं जातं. मग ते दुसरीकडे, बहुधा कमी पैशांत, रुजू व्हायला तयार होतात. महिन्याभराने तिघांपैकी एक जण ‘वैयक्तिक कारणामुळे’ येत नसल्याचं कळवतो. आता त्या जागेवर बोलवायला कोणी उरलेलं नसतं. पार्टनरने भांडून मंजूर करून घेतलेली जागा रिकामी राहते आणि त्याच्या टीमला वर्षभर एक माणूस कमी पडतो. एचआरच्या लक्षात त्या मुलाचं नाव राहत नाही, कॉलेजचं राहतं. पुढच्या वर्षी कोणत्या कॉलेजांना बोलवायचं याची यादी करताना ते नाव खाली सरकतं किंवा गळतं. सेलचं ईमेल जातं, उत्तर येत नाही. ज्युनिअर्सना कारणही कळत नाही.

यावर ‘कायद्याने मला कोण अडवणार?’ असा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. नोकरीला बसायला भाग पाडणारा हुकूम कोणतंही कोर्ट देणार नाही, हे खरं. पण वकील ज्या जगात जाणार आहे तिथे शब्दाला काय वजन असतं ते एकदा कोर्टात बसून पाहावं. सुनावणीत वकील उभा राहून सांगतो, ‘पुढच्या तारखेपर्यंत माझा अशील बांधकाम करणार नाही.’ न्यायमूर्ती ते विधान नोंदवून घेतात आणि मनाई हुकुमाची गरज उरत नाही. प्रतिज्ञापत्र नाही, पुरावा नाही, फक्त बोललेलं वाक्य. कोर्टाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडली तर १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाखाली तो दिवाणी अवमान ठरतो. या व्यवसायाचा रोजचा गाडा अशा शब्दांवर चालतो. ज्याने शिकत असताना लेखी होकार फिरवला, त्याच्या तोंडी विधानावर विसंबून राहायला समोरचा कचरणारच, आणि त्यात काही चूक नाही.

होकार द्यायचा तो नीट वाचून. ऑफरमध्ये चार गोष्टी शोधायच्या: कामाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख, वर्षाला हातात येणारी रक्कम (बोनस धरून सांगितलेली की सोडून), आणि अटी. अट बहुधा शेवटच्या सत्राशी बांधलेली असते: एटीकेटी न राहता पदवी पूर्ण करणं, ठरावीक गुण टिकवणं. पीपीओ असेल, म्हणजे इंटर्नशिपवरूनच ऑफर आली असेल, तरी हेच वाचायचं. उत्तराला किती वेळ आहे ते सेलला विचारायचं. बऱ्याच सेलच्या नियमावलीत ही मुदत तासांत दिलेली असते. जास्त वेळ हवा असेल तर ‘थोडा वेळ मिळेल का’ असं मोघम लिहू नये. ‘शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत उत्तर देतो, घरच्यांशी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलायचं आहे’ असं तारीख, वेळ आणि कारण देऊन मागावं. असं मागितलेलं बरेचदा मिळतं. आणि शुक्रवारी ४ म्हणजे ४.

होकार गेला की त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या अर्जांतून नाव काढून घ्यायचं. इथेच टंगळमंगळ होते, कारण ‘मुलाखत देऊन तर बघू’ हा मोह असतो. अशी मुलाखत म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची अडवणं. माघारीच्या पत्राला तीन ओळी पुरतात. फर्मशी पत्रव्यवहार इंग्रजीत होत असला तरी मजकूर एवढाच: ‘आपण मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभार. मी आज दुसरी ऑफर स्वीकारली आहे, त्यामुळे माझं नाव मागे घेत आहे. सोमवारची वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आजच कळवत आहे.’ कुठली ऑफर, किती पैशांची, हे लिहायची गरज नाही. पत्र सेलमार्फत जायचं असेल तर सेलमार्फतच पाठवावं. एचआरला परस्पर फोन करणं बहुतेक नियमावल्यांत बसत नाही. फर्मला एका कॉलेजकडून एकच आवाज ऐकायचा असतो.

मागे फिरणाऱ्यांपैकी लबाड मुलं थोडी असतात. बहुतेकांनी आपल्याला काय करायचं आहे ते ठरवलेलंच नसतं. सेलचा फॉर्म सगळे भरतात म्हणून भरला, मुलाखत लागली म्हणून दिली, ऑफर आली म्हणून हो म्हटलं, आणि मग घरी जेवताना विषय निघाला की न्यायाधीशाची परीक्षा द्यायची होती ना. म्हणून हा विचार भरतीचा सीझन सुरू व्हायच्या आधी करायला हवा, आणि त्यासाठी दोन नियम माहीत हवेत.

पहिला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम ४९. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या वकिलाला त्या काळात वकिली करता येत नाही, आणि नोकरी धरली की तसं राज्याच्या बार कौन्सिलला कळवावं लागतं. बँकेच्या किंवा कंपनीच्या विधी विभागात लागणाऱ्याला हे थेट लागू होतं. फर्ममधले असोसिएट वकील बहुधा सनद (वकिलीचा परवाना) ठेवून, व्यावसायिक मानधनावर काम करतात. म्हणून ऑफर लेटरमध्ये पगार लिहिलाय की मानधन, ही बारीक बाब नव्हे.

दुसरा सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट त्याने परत आणली, आणि ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या नोंदणीपासून मोजायची असं सांगितलं. आता दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. न्यायसेवेचं स्वप्न असलेल्या मुलीने कंपनीतली पगारी जागा घेतली तर त्या नोकरीची वर्षं वकिली म्हणून कशी दाखवणार? हे तिला आधीच, नोव्हेंबरमध्ये कळलं तर ती कंपनीच्या यादीत नावच देणार नाही. होकारानंतर, मार्चमध्ये कळलं तर दिलेला होकार मोडेल. ज्यांना एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) परदेशी जायचं आहे त्यांचंही तेच: अर्ज केले असतील तर सेलला आधी सांगा. सेलच्या यादीतून बाहेर राहण्याचा फॉर्म असतो, तो भरण्यात कमीपणा नाही.

खरंच अडचण आली तर? आई-वडिलांचं आजारपण, घरातली आपत्ती, स्वतःची तब्येत, यातून कोणीच सुटलेलं नाही. अशा वेळी आधी सेलच्या प्राध्यापकांना फोन, मग त्यांच्या सल्ल्याने फर्मला फोन, मग त्याच दिवशी लेखी. कळायला उशीर होईल तसं नुकसान वाढतं. फर्म आजारपण समजून घेते. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात आलेलं दोन ओळींचं ईमेल समजून घेत नाही.

आता सीव्ही. इथल्या खोटेपणाला मुलं खोटेपणा म्हणत नाहीत, ‘थोडं नीट मांडलं’ म्हणतात. सीजीपीए ६.४६ असेल तर ६.४६ लिहायचं, ६.५ नाही. एटीकेटी होती आणि सुटली, तर विचारल्यावर तसं सांगायचं. लेख स्वीकारला गेलाय पण छापून आलेला नाही, तर ‘स्वीकृत’ लिहायचं. मूट कोर्टात (सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेत) संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला असेल तर ‘अंतिम आठ संघांत’ म्हणणं खरं आहे, ‘उपांत्य’ म्हणणं खोटं. क्रियापदं जपून वापरायची. ‘शेअर खरेदी करार तयार केला’ आणि ‘शेअर खरेदी कराराच्या व्याख्यांच्या कलमाचा पहिला मसुदा केला’ यातलं दुसरं वाक्य लहान दिसतं, पण मुलाखत घेणाऱ्याला तेच खरं वाटतं, कारण तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नला कोणी अख्खा करार करायला देत नाही हे त्याला माहीत असतं. पहिलं वाक्य वाचून तो तडक विचारतो, ‘बरं, नुकसानभरपाईच्या कलमात मर्यादा किती ठेवली होतीत?’ आणि समोर शांतता पसरते.

सीव्हीत अशिलाचं नाव घालू नये. ‘एका सूचिबद्ध औषध कंपनीच्या वतीने’ एवढं पुरे. प्रकरण कोर्टात असेल, कॉज लिस्टवर (कोर्टाच्या सुनावणीच्या यादीत) नाव असेल, तरीही ज्यांच्याकडे काम केलं त्यांना विचारूनच लिहावं. आपल्या अशिलांची नावं पसरवणारा इंटर्न उद्या आमचीही पसरवेल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतो.

इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. कोणत्याही वर्षात ती सलग ४ आठवड्यांहून जास्त नसावी, आणि एकदा तरी खटले आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे झालेली असावी. हे आठवडे भरायला वकील काका-मामांच्या चेंबरमधून (ऑफिसातून) न केलेल्या कामाचं प्रमाणपत्र आणलं जातं. दुसरा प्रकार म्हणजे कॉलेज चालू असताना मुंबईच्या फोर्ट भागात वकिलांकडे इंटर्नशिप आणि त्याच तारखांना कॉलेजच्या हजेरीपटावर मित्राने केलेली सही. कधीतरी कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवतं, तेव्हा १२ तारखेला सकाळी ११ वाजता एकच माणूस वर्गातही असतो आणि कोर्टातही. तो मुलगा तर अडकतोच, पण खोटी सही करणारा मित्र आणि प्रमाणपत्र देणारे वकीलही अडकतात.

नावावर एखादी गुन्ह्याची नोंद असेल, अगदी आंदोलनातली किंवा भांडणातली, तर सेलच्या प्राध्यापकांना आधी विश्वासात घ्यावं. सनदेच्या अर्जात हा प्रश्न असतोच. तिथे खरं आणि फर्मच्या फॉर्मवर खोटं, असं झालं तर मूळ नोंदीपेक्षा लपवाछपवीच जड जाते.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. बीकेसी किंवा लोअर परळच्या इमारतींत खाली पास काढायलाच पंधरा मिनिटं जातात. मूळ ओळखपत्र जवळ हवं, आणि लोकलचा भरवसा धरून निघू नये. ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या स्क्रीनवर उत्तरं काढून वाचणाऱ्याचे डोळे डावी-उजवीकडे फिरतात, समोरच्याला ते स्पष्ट दिसतं. येत नसेल तर ‘हे मला आत्ता माहीत नाही, बघायला अमुक कायद्यापासून सुरुवात करेन’ हे उत्तर धरलं जातं. फर्मबद्दल सिनियरकडून ऐकलेल्या गोष्टी मुलाखतीत बोलायच्या नाहीत. विचारलेले प्रश्न बाहेर थांबलेल्या मित्रांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे नाहीत.

चेंबरमध्ये इंटर्नशिप मागताना वेगळी काळजी लागते. तिथे एचआर नसतं. ईमेल बहुधा ज्युनिअर वाचतो आणि कधी क्लार्कही. विषयात नाव, वर्ष, कॉलेज आणि अचूक तारखा. कोर्टाची उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि नाताळ पाहूनच तारखा मागाव्यात, नाहीतर सुट्टीतल्या कोर्टात तीन आठवडे मागितलेले असतात. चाळीस वकिलांना एकाच ईमेलमध्ये टाकू नये, सगळ्यांची नावं सगळ्यांना दिसतात. दोन चेंबरनी होकार दिला तर एकाला त्याच दिवशी नम्रपणे नाही कळवावं. वकिलांचं वर्तुळ मोठं नाही, हे दोघं वकील दुपारी एकाच टेबलावर जेवत असण्याची शक्यता बरीच आहे. आणि क्लार्कशी अदबीने वागावं. बोर्डवर मॅटर, म्हणजे सुनावणीला प्रकरण, कधी येईल ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

कपड्यांचा नियमही लिहिलेला आहे. कोर्टात जाताना इंटर्नने काळी किंवा पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट आणि पाय झाकणारे काळे बूट घालायचे. मुलींना वेगळे पर्यायही दिलेले आहेत. पांढरा बँड आणि गाऊन हे सनद घेतलेल्यांचे. फोटोपुरता मित्राचा बँड लावणं हे वकील असल्याचं सोंग आहे, आणि बार कौन्सिलला त्यात गंमत वाटत नाही.

कामावर बसल्यावर सर्वांत मोठा धोका गोपनीयतेचा. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण आहे आणि ते बंधन वकिलाच्या क्लार्क आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ‘मी तर महिन्याभराचा इंटर्न’ असं म्हणून त्यातून सुटता येईल, हे डोक्यातून काढून टाकावं. बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीच्या विलीनीकरणाचं काम चालू असेल तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची २०१५ ची इनसायडर ट्रेडिंग विनियमावली येते. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती घरी भावाला सांगणं हाही भंग आहे, मग भावाने शेअर घेतले नाहीत तरी. चूक होते ती मात्र अगदी साध्या ठिकाणी. संध्याकाळी घरी बसून काम पूर्ण करावं म्हणून फाईल स्वतःच्या जीमेलवर पाठवली जाते. हेतू चांगला, पण फर्मच्या यंत्रणेत ती नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं येतं. लोकलमध्ये फोनवर पक्षकारांची नावं घेणं, लिफ्टमध्ये मॅटरवर बोलणं, लिंक्डइनवर टेबलाचा फोटो टाकणं (मागच्या बॉक्स फाईलवरचं नाव मोठं करून वाचता येतं), हे सगळं त्याच माळेतलं.

मराठी येणाऱ्या इंटर्नसाठी एक खास जागा आहे. मुंबईतल्या फर्मच्या रिअल इस्टेट टीममध्ये सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं इंग्रजीत आणायचं काम त्यांच्याकडे येतं. सीव्हीवर ‘मराठी उत्तम’ लिहिलेल्याची परीक्षा इथे होते. समोर हस्तलिखित सातबाऱ्याची पुसट छायाप्रत. इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ, तिच्यात ‘कूळ’ वाचता येतं, पुढचं नाव पुसलेलं, आणि शेवटी एक आकडा जो ३२ असेल किंवा ३७. इथे अंदाजाने नाव भरायचं नाही. ‘कुळाची नोंद दिसते, नाव अवाच्य, आकडा ३२ किंवा ३७’ असं भाषांतरातच लिहायचं आणि पानाचा क्रमांक द्यायचा, म्हणजे टीम तलाठ्याकडून प्रमाणित प्रत मागवते. ‘भोगवटादार वर्ग २’ला नुसतं ‘ऑक्युपंट’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. त्या दोनामुळे जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित करता येते की नाही हा अख्खा प्रश्न उभा राहतो. आणि अशिलाचा कागद फुकटच्या ऑनलाइन भाषांतर साधनात चढवायचा नाही. तो कागद बाहेर गेला, असाच त्याचा अर्थ होतो.

रिसर्च नोटचंही तसंच. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये ‘माटा विरुद्ध एव्हिआन्का’ प्रकरणात, चॅटजीपीटीने रचलेले आणि अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्यांच्याच ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतात, उच्च न्यायालयाचे त्यांच्या संकेतस्थळावर. नोटमध्ये घेतलेला प्रत्येक निकाल उघडायचा, परिच्छेद क्रमांक स्वतः पाहायचा, तो निकाल नंतर फिरवला गेला का ते तपासायचं. जिथे वेळ पुरला नाही तिथे ‘हा निकाल तपासायचा राहिला आहे’ असं नोटच्या सुरुवातीलाच लिहायचं. सिनियर त्यावर चिडतील, पण तपासलेला समजून तो निकाल कोर्टात वाचला गेला तर होणारी नाचक्की त्याहून फार मोठी.

वागणुकीचे नियम समोरच्यालाही आहेत, आणि हे सेलनेच मुलांना सांगायला हवं. मुलाखतीत मुलीला ‘लग्न कधी करणार’ विचारलं तर तिने बाहेर आल्यावर सेलला लेखी कळवावं. असे प्रश्न विचारणाऱ्यांना समज देणं हे सेलचं काम आहे, फर्म कितीही मोठी असो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी येतात, बिनपगारी असले तरीही. १० किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान चेंबर असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने आहे आणि कारण असेल तर ती आणखी ३ महिने वाढू शकते. ‘तक्रार केली तर पीपीओ जाईल’ या भीतीने मुली गप्प बसतात आणि मुदत निघून जाते. ज्या सेलच्या नियमावलीत ही तरतूद ठळक अक्षरांत नाही, ती नियमावली अपुरी आहे.

इंटर्नशिपचा शेवटचा दिवस बहुतेक जण केक आणि फोटोत घालवतात. त्याआधी तासभर काढून एक पान करावं: कोणतं काम पूर्ण, कोणतं अर्धवट, मसुदा कुठल्या फोल्डरमध्ये, कोणता प्रश्न कोणाला विचारायचा राहिलाय. ते पान टीमला ईमेल करायचं. छापील कागद परत द्यायचे किंवा श्रेडरमध्ये टाकायचे, पेन ड्राइव्हवर काही ठेवायचं नाही, प्रवेशाचं कार्ड जमा करायचं. इंटर्नशिप डायरीवर त्याच दिवशी सही घ्यायची, कारण महिन्याभराने सही करणाऱ्या वकिलांना तुम्ही काय केलंत ते आठवत नाही. प्रमाणपत्रातल्या तारखा तिथेच वाचून पाहायच्या, आणि न गेलेला दिवस त्यात आला असेल तर तो काढून घ्यायला सांगायचं.